फडताळाचं कुलूप

"रात्री जेवणानंतर काही खाता का?" आहारवाल्या मुलीनं विचारलं. प्रश्न मला होता. उत्तर वहिनीनं दिलं.

"खातात ना. सकाळी डबे हलके लागतात."

नाशिकच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्या एका बाजूला वहिनी बसली होती, दुसऱ्या बाजूला भाऊ. माझं वजन मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं तेव्हा भावानं मान खाली घातली. मी वर्गात नापास झाले होते आणि पालक म्हणून त्याला शाळेत बोलावलं होतं, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. खरा प्रकार उलटा होता. किडन्या त्याच्या गेल्या होत्या. द्यायची होती मी.

डॉक्टर स्पष्ट बोलले. रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं, पण बाईंचं वजन फार आहे आणि साखर अगदी काठावर आहे. अशा अंगातून आम्ही किडनी काढणार नाही. दहा-बारा किलो उतरवा, साखर खाली आणा, मग पुन्हा तपासू. तोवर भावाचं डायलिसिस चालू राहणार होतं. त्याच्या डाव्या हाताची शीर त्यासाठी जोडून घेतलेली. तिच्यावर बोट ठेवलं की आत भुंगा कोंडल्यासारखं गुणगुणे. त्याला दिवसाचं पाणीसुद्धा मापून प्यावं लागे. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचा, ते बघवत नसे. तर तो जगणार की नाही हे आता माझ्या तोंडात जाणाऱ्या घासावर येऊन ठेपलं होतं.

किडनी मी द्यायची हे कसं ठरलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ठरलं तेव्हा मी भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीत आई, भाऊ आणि वहिनी होती, आणि धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर, स्पीकर लावून. आईचं वय झालेलं, वर बीपी. वहिनीची पोरं शाळेतली. धाकट्याची नोकरी, आणि त्याच्या बायकोनं आधीच कानावर हात ठेवलेले. मग आई म्हणाली, "आक्का हाय की." अवेळी पाहुणे आल्यावर घरात म्हणतात ना, कालच्या चार भाकरी हायेत की, तसं म्हणाली. मी तव्यावरची भाकरी उलटली. आत येऊन मला कुणी काही विचारलं नाही. रात्री ताट वाढताना भावानं माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं की ठरलं.

विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. एवढं मला लिहून ठेवायचं आहे. हा भाऊ माझ्या कडेवर वाढला. नवऱ्यानं दुसरी केली आणि मी एक पिशवी घेऊन कोपरगावच्या स्टँडवर उतरले, तेव्हा मला घ्यायला हाच आला होता. घरापर्यंत त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी त्याचं ते न विचारणं मला फार गोड वाटलं होतं. पुढं सगळ्या घराला त्याची सवय लागली.

आता रात्रीच्या खाण्याचं सांगते. भावाचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, तो नऊला घरी येतो. आधी तो आणि पोरं जेवतात, मग आई, मग वहिनी, आणि सगळ्यांचं उरकून ओटा पुसला की मी. असा नियम कुणी केला नव्हता. पहिली काही वर्षं वहिनी म्हणायची, बसा की बरोबर. पण गरम भाकरी कुणीतरी थापायची असते, आणि थापणारी बसली तर खाणाऱ्याला गार मिळते. तेव्हा साडेदहा-अकराला मी पातेल्यांपुढे बसे. अन्न टाकायचं नाही ही आईची शिकवण, त्यामुळे उरलेल्या अन्नाची जागा म्हणजे मी. वाटीच्या बुडाची आमटी, भाताची खरवड, वाळून कडक झालेली भाकरी तेल-चटणी लावून. ते संपलं की शेंगदाणे आणि गूळ. मग मूठभर फरसाण. पोरांनी अर्धा टाकलेला बिस्किटांचा पुडा. भूक कधीच भागून गेलेली असायची, पण उठवत नसे. दिवसभरात तेवढ्याच वेळात मला कुणी हाक मारत नसे. माझं अंथरूणही तिथंच, स्वयंपाकघरात, फडताळाच्या पायाशी. झोप मोडली आणि हात वर केला की डबा.

आहारवाली मुलगी वयानं लहान पण समजुतीची होती. म्हणाली, "रात्रीची भूक पोटाची नसते, मनाची असते. संध्याकाळी सातला जेवा, आठला दात घासून टाका. खायच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवू नका. आणि रात्री स्वयंपाकघरात पाऊलच टाकू नका."

"मी झोपतेच तिथं," मी म्हटलं.

तिचं पेन थांबलं. वहिनी पटकन म्हणाली, "घरात जागा कमी पडते ना."

आमच्या घरावर वरती एक खोली आहे. तिच्यात दुकानाचा जादा माल पडलेला असे. ती रिकामी करायची गोष्ट कुणी काढली नाही. दुसऱ्या दिवशी भावानं सुतार बोलावला आणि फडताळाला कडी-कोयंडा बसवून घेतला. पितळी कुलूप आणलं, चांगलं जाडजूड. रात्री ते लागायचं आणि किल्ली वहिनीच्या उशाशी जायची. मी त्याच्याखाली अंथरूण घालून झोपायची. चोराला तिजोरीजवळ निजवून तिजोरीला कुलूप लावण्याचा हा प्रकार होता, आणि चोर बिचारा रात्रभर जागा.

आणखी एक गंमत झाली. इतक्या वर्षांत मी जेवले की नाही हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता घरातला जो तो विचारू लागला, आक्का, काय खाल्लंस? पुण्याहून धाकट्याचा फोन, आक्का काय खातेय? पण ते विचारणं मी उपाशी राहीन म्हणून नव्हतं. मी खाल्लं असेल म्हणून होतं.

मग आहारवालीनं लिहून दिलेला कागद बाजूला सारून आईनं सूत्रं हातात घेतली. "त्या कागदावर काय जातंय," ती म्हणाली. "उपास धर. देवाचंबी व्हईल आन वजनबी उतरंल." सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी आणि एकादशी होत्याच. उपास म्हणजे तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, परतलेले बटाटे, आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून राजगिऱ्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आम्ही पोरं असताना दुसऱ्यांना चिडवायला म्हणायचो. महिन्यानं काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं. वहिनीनं डोळे बारीक केले. "किल्ली तर माझ्याकडं असते. मग आक्का, तुम्ही खाता कुठं?" मी आईकडे पाहिलं. आईनं देवाकडे पाहिलं.

व्यायाम म्हणून चालणं सांगितलं होतं. आहारवालीनं मला हिशेब समजावला होता. तासभर पाय ओढून अंगातलं जेवढं जळतं तेवढं मूठभर फरसाण पाच मिनिटांत परत आणतं. म्हणून चालल्याच्या जोरावर खायचं नाही, आणि वजनाच्या धास्तीनं न खाता नुसतं चालायचंही नाही. जेवढं काम तेवढं अन्न, त्यात किंचित कमी. मला ते तिथंच पटलं. बैलालासुद्धा आपण असंच घालतो. पण घरी हे सांगायला मला कुणी विचारलं पाहिजे ना.

चालायचं कुठं, हाही प्रश्नच होता. आमच्याकडं बाईमाणूस रिकाम्या हातानं चालताना दिसलं की लोकांना चैन पडत नाही. कालव्याच्या रस्त्यानं निघाले की समोरून येणारा गाडी थांबवून विचारी, "कुठं निघालात आक्का? सोडू का?" कुठंच नाही म्हटलं की माणूस माझ्याकडं आणि कालव्याच्या पाण्याकडं आळीपाळीनं बघे. शेवटी आईनं माझ्या हातात किटली दिली. "मळ्यातनं दूध घिऊन येत जा. म्हंजे कोनी इचारनार न्हाई." खरंच कुणी विचारेना. मळ्यातली बाई मात्र चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही, आणि तिचा चहा म्हणजे साखरेत घातलेला चहा. ऊसवाल्यांच्या घरची साखर, हात आखडायचं कारण नाही. पहिले काही दिवस मी भिडेपोटी प्यायले. मग एकदा सांगून टाकलं की हा चहा माझ्या भावाच्या पोटात दुखतो. तिला काय कळलं कोण जाणे, पण पुढं ती नुसतं ताक देऊ लागली.

त्याच सुमारास वहिनीला एक युक्ती सुचली. "आक्का, मशीनपेक्षा हातानं कपडे धुतले तर तेवढाच व्यायाम होईल की." मशीनवर फडकं पडलं. "आणि बसून फरशी पुसली की पोट उतरतं. मी मोबाईलवर बघितलं." भांडीवालीला सांगितलं, काही दिवस येऊ नको. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आणि उपासानं काही झालं नाही म्हणून आता ताटातली भाकरी अर्धी केली. सकाळी कालवा, मग धुणं, भांडी, फरशी, दोन्ही वेळचा स्वयंपाक, आणि रात्री अकराला अर्धी गार भाकरी. सातला जेवा म्हणून सांगितलेलं होतं, पण सातला तर मी सगळ्यांचं पीठ मळत असे. ते एकच पथ्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

वजन मात्र भराभर उतरलं. घरात आनंद झाला. वहिनीनं माझे ब्लाउज आपल्या हातानं टीप मारून आत घेतले. रात्री मला झोप लागत नसे. कुलपाकडं बघत पडून राहायची, आतल्या डब्यांची रांग मला पाठ होती, कुठल्या डब्यात किती शेंगदाणे उरलेत हेही. एका सकाळी कालव्याच्या कडेला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी किटलीसकट खाली बसले. दूध मातीत गेलं. घरी आल्यावर आई आधी दुधाबद्दल बोलली.

नाशिकला तपासणी झाली. वजन बसत होतं, साखरही उतरली होती, पण रक्त इतकं कमी झालं होतं की डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. "वजन उतरवा म्हणालो होतो. यांना जेवायला देता की नाही? ही अवस्था असलेल्या बाईला मी टेबलावर घेणार नाही. तीन महिने थांबा." आम्ही परत निघालो. सिन्नर मागं पडल्यावर वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता आणखी तीन महिने डायलिसिस." दोष कुणाचा हे तिनं सांगितलं नाही, पण तो माझ्या मांडीवर आणून ठेवला. मला तिचा संताप आला. पण पुढच्या सीटवर भावाची सुजलेली पावलं चपलेत मावत नव्हती, म्हणून मी तोंड उघडलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या खेपेला निघण्याआधी आहारवालीनं मात्र एक चांगलं केलं होतं. दोघांना बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं, दिवस कसा जातो. मी सांगितलं. मग तिनं त्यांना आत बोलावून फर्मान काढलं: संध्याकाळी सातला जेवण, ताजं, आणि घरात सगळ्यांच्या आधी यांचं. धुण्याभांड्याचा व्यायाम बंद. किडनी हवी असेल तर हे करायचं. शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम घातलं असणार. त्याच वाक्यानं काम केलं.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले जेवणाचे महिने. सातला वहिनी मला पाट मांडायची. मोड आलेली मटकी, पालेभाजी, उकडलेलं अंडं, ताक, आणि एक भाकरी, तव्यावरून थेट ताटात. भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून वाफ येते, हे मी रोज बघत होते, पण दुसऱ्यांच्या ताटात. पहिल्या दिवशी मला घास गिळवेना. आई म्हणाली, "काय झालं? तिखट हाय का?" मी म्हटलं, हो, तिखट आहे.

आणि रात्रीची भूक गेली. पंधरा-वीस दिवसांत अशी गेली की फडताळाकडं लक्षही जाईना. कुलूप उगीच लटकत राहिलं. मनाची भूक, म्हणाली होती ती मुलगी. ती शिकलेली आहे, तिला माहीत असेल. मला विचाराल तर मला गरम भाकरीची भूक होती. सकाळी किटली न घेता चालायला लागले. लोक विचारत, कुठं निघालात, तर मी सांगे, कुठं नाही, चालतेय.

सगळं जुळल्यावर किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीपुढं मला एकटीला नेलं. टेबलापलीकडं तीन माणसं, समोर कॅमेरा. भावानं जिन्यात शिकवून ठेवलं होतं, विचारतील तेव्हा फक्त हो म्हण. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या मर्जीनं देताय ना? मनात नसेल तर इथं सांगा. बाहेर कुणाला कळणार नाही." प्रश्न साधाच होता, त्या रोजच विचारत असतील. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरली किंवा घरच्यांनी जबरदस्ती केली. मला इतकंच वाटत होतं, की हे विचारायला परक्या बाईला का यावं लागलं. मी पाणी प्याले आणि म्हटलं, हो, माझ्या मर्जीनं. ते खरं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. माझी किडनी त्याच्या पोटात टेबलावरच काम करू लागली, असं डॉक्टर कौतुकानं म्हणाले. घरी सोडताना त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, "पेशंटइतकीच काळजी यांचीही घ्या. यांना आता एकच आहे. वजन वाढू द्यायचं नाही, साखर होऊ द्यायची नाही. रात्रीचं खाणं नको, सातचं जेवण आयुष्यभर." सगळ्यांनी माना डोलावल्या.

भावाला संसर्ग होऊ नये म्हणून स्वतंत्र खोली हवी होती. वरची खोली एका दिवसात रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी तिला चुना लागला. मी माझं अंथरूण फडताळाखाली घातलं. खोटं कशाला बोलू, पहिला महिनाभर वहिनीनं मला अंथरुणावर गरम जेवण दिलं, पाय चेपले, न्हाऊ घातलं. मग मी उठून बसले, मग चालू लागले, मग कुणीतरी म्हणालं, आक्का आता बरी दिसते.

भावाला बघायला माणसं येऊ लागली. तो खुर्चीत बसून तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवायचा, आणि मला ते बघून खरंच बरं वाटायचं. आई प्रत्येकाला सांगे, "आमच्या आक्कानं दिली," आणि पाहुणे म्हणत, बहीण असावी तर अशी. येणारा प्रत्येकजण पेढे आणे. भावाला पेढे वर्ज्य. पोरं खाऊन कंटाळली. डबे फडताळात साठत गेले.

एका संध्याकाळी सातला मी माझं ताट घेतलं. आई म्हणाली, "जरा दम धर. त्याचं व्हऊ दे आधी. आता तुला काय घाई हाय?"

त्यात दुष्टपणा काही नव्हता. तिला खरंच वाटलं की घाई संपली. मी ताट जागेवर ठेवलं आणि पीठ मळायला घेतलं. भावाच्या पथ्याचं वर पोचवलं, पोरांचं झालं, आईचं झालं, वहिनीचं झालं. ओटा पुसून पातेल्यांपुढं बसले तेव्हा नेहमीचीच वेळ झाली होती. वाटीभर आमटी, भाताची खरवड, दीड गार भाकरी. सगळं संपवलं. अन्न टाकायचं नसतं.

मध्यरात्री जाग आली. हात आपोआप वर गेला. फडताळाचं दार नुसतं लोटलेलं होतं. पेढ्याचा डबा हातात आला, झाकण निघालं, खव्याचा वास आला, तेव्हा मला कळलं की कुलूप नाहीये. कधीपासून नव्हतं कोण जाणे. मी उठून दिवा लावला. कडी मोकळी लोंबत होती. जे जपायचं होतं ते वरच्या खोलीत सुखरूप झोपलं होतं, मग इथं कुलूप कशाला? माझ्या बरगडीखाली टाके ओढल्यासारखे झाले. मी पेढा खाल्ला नाही. मी रडलेही नाही. मला फक्त राग आला.

कुलूप शोधायला वेळ लागला नाही. खणात रबरं, मेणबत्त्या आणि जुनी बिलं पडली होती त्यांच्यात ते होतं, किल्लीसकट. मी ते फडताळाला लावलं आणि किल्ली माझ्या उशीच्या अभ्र्यात घातली.

सकाळी वहिनी चहा करायला आली. भाऊ खाली उतरून आईजवळ बसला होता, हातात पाण्याचा तांब्या.

"हे कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"आता कशाला?" ती हसली. "आता झालं ना सगळं."

"मला आता एकच आहे," मी म्हटलं.

भावानं तांब्या खाली ठेवला. मी किल्ली काढून दिली, तिनं साखर काढली, चहा झाला, सगळ्यांनी तो गुपचूप घेतला. मला वाटलं, आई काहीतरी म्हणेल. निदान भाऊ तरी म्हणेल की वाढत जा गं हिला सातला. दिवसभर मी वाट पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी सातला मी तवा ठेवला, एक भाकरी थापली, माझं ताट माझ्याच हातानं वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर बसून जेवले.